थंड पाण्यातलं डायव्हिंग: बीसीडी सगळ्यात शेवटी घ्या

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानला जाऊन ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेली मंडळी नाशिकमध्ये आता बरीच आहेत. त्यातले काही पुढे आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत उतरायचं ठरवतात, काही स्कॉटलंडला जातात, कुणाची मुलगी इंग्लंडात शिकत असते म्हणून तिथल्या जुन्या खाणीच्या तळ्यात डाइव्ह ठरते. आणि पहिला प्रश्न हमखास एकच येतो: "बीसीडी कुठली घेऊ?"

इथेच क्रम चुकतो. बीसीडी म्हणजे शेवटी पाण्यात वर-खाली तोल सांभाळायला अंगावर घालायची हवेची पिशवी. ती किती मोठी हवी, हे आधी सूट ठरवतो, मग हवेचा सिलिंडर, मग खाली जाण्यासाठी अंगावर घ्यायचं शिसं. या तिन्हींचे आकडे हातात नसताना घेतलेली बीसीडी एकतर तोकडी पडते, नाहीतर इतकी अवाढव्य निघते की पाण्यात तिलाच सांभाळत बसावं लागतं. खालचे टप्पे याच क्रमाने करा. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा सूट) वापरणार असाल तर त्याचा वेगळा कोर्स लागतोच, हा लेख त्याच्या जागी नाही.

टप्पा १: पाणी कुठलं ते नक्की करा

तीन गोष्टी वहीत लिहा: तुम्ही जाल त्या खोलीवरचं तापमान, पाणी गोडं की खारं, आणि जास्तीत जास्त खोली. पृष्ठभागावरचं तापमान विचारून उपयोग नाही. तळ्यात उन्हाळ्यातही काही मीटर खाली गेलं की एकदम गार थर लागतो.

सिल्फ्राचं उदाहरण घ्या. पाणी गोडं, वर्षभर २ ते ४ अंश, आणि १८ मीटरपेक्षा खाली जायची परवानगी नाही. स्कॉटलंडच्या समुद्रात पाणी खारं, तापमान ऋतूप्रमाणे वेगळं आणि खोली ३० मीटरपर्यंत सहज जाते. या दोन ठिकाणांचं सामान एकसारखं नसतं.

"आम्ही निफाडचा गारठा काढलाय, आम्हाला काय थंडी" हे वाक्य नेहमी ऐकू येतं. निफाडचा गारठा हवेतला. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. ५ अंशांच्या पाण्यात पातळ सूट घालून उतरलेल्या माणसाची बोटं लवकर बधिर होतात, आणि इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायच्या नळीचं) बटण त्याच बोटांनी दाबायचं असतं.

टप्पा २: सूट ठरवा आणि त्याची बॉयन्सी (तरंगती उचल) मोजा

माझा ढोबळ हिशोब असा: १८ अंशांच्या वर ५ मिलिमीटरचा वेटसूट (आत पाणी शिरतं असा रबरी सूट), १० ते १८ मध्ये ७ मिलिमीटरचा सेमी-ड्राय (आत कमी पाणी शिरू देणारा) किंवा दोन तुकड्यांचा सूट, १० च्या खाली ड्रायसूट. लवकर कुडकुडणाऱ्यांनी एक पायरी वर जावं.

वेटसूटचा निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुड्यांचा फोम. खोलीवर हे बुडबुडे दबतात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे बुडबुड्यांचा आकार साधारण निम्मा. ३० मीटरवर दाब चौपट, आकार पाव. वर ९ किलो उचलणारा सूट खाली जेमतेम सव्वादोन किलो उचलतो. गेलेली उचल बीसीडीला भरून काढावी लागते. थंड पाण्यात बीसीडी मोठी लागते ती यासाठी. मालवणच्या ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये हा फरक इतका लहान असतो की तो कुणाच्या ध्यानातही येत नाही.

सूट स्वतःचा असेल तर घरीच मोजा. २०० लिटरचा निळा ड्रम, कांद्याची जाळीची गोणी, लगेज तोलायचा डिजिटल हातकाटा आणि १२ ते १५ किलो शिसं एवढं पुरतं. शिसं नसेल तर जिमच्या लोखंडी प्लेटा चालतील.

१. आधी फक्त वजनं गोणीत घालून, गोणी पूर्ण पाण्यात लोंबती ठेवून काटा वाचा. हवेतल्या वजनापेक्षा आकडा कमी येईल. १० किलो शिसं पाण्यात ९.१ किलोच भरतं. काटा मात्र पाण्याच्या वर राहू द्या, तो भिजला की गेला.

२. सूट, हूड, बूट, हातमोजे आधी बादलीत चांगले भिजवा. मग वजनांसोबत गोणीत भरा. बाह्यांमध्ये आणि पायांमध्ये हवा अडकते. गोणी पाण्याखाली असतानाच ती दाबून, पिळून हवा काढा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत घाई नको. सगळा खेळ इथेच बिघडतो: बाहीत लिटरभर हवा राहिली की हिशोबात एक किलोची चूक.

३. पुन्हा काटा वाचा. पहिल्या आकड्यातून हा आकडा वजा केला की सूटची बॉयन्सी मिळाली.

ड्रायसूट असा मोजता येत नाही, कारण त्याची बरीचशी उचल कापडात नसून आतल्या कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. ती अंगावर घालूनच कळते. आतला थर्मल बदलला की आकडा बदलतो, म्हणून थर्मल आधी ठरवा.

*पडताळा:* सूट तिथे जाऊन भाड्याने घेणार असाल तर डाइव्ह सेंटरला ईमेलने विचारा: "माझी उंची अमुक, वजन तमुक, तुमच्या या सूटमध्ये अशा माणसाला किती शिसं देता?" त्यांचा आकडा नेमका नसतो, पण अंदाजाला पुरतो.

टप्पा ३: सिलिंडर कुठला मिळणार ते विचारा

सिलिंडर विमानातून न्यायचा विचार सोडा, तो तिथलाच घ्यायचा. पण कुठला मिळणार, हे आधी कळलंच पाहिजे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर मिळतो. समुद्रात तो भरलेला असताना पाऊण किलोच्या आसपास बुडतो आणि रिकामा झाला की साधारण दोन किलो तरंगतो. युरोपात १२ किंवा १५ लिटरचा स्टीलचा सिलिंडर जास्त दिसतो. तो रिकामा झाला तरी सहसा बुडताच राहतो, त्यामुळे शिसं कमी लागतं. सिलिंडर बदलला की शिशाचा आकडा दोन-तीन किलोंनी सहज हलतो.

हवेलाही वजन असतं. लिटरला साधारण १.२ ग्रॅम. १२ लिटरच्या सिलिंडरमधून २०० वरून ५० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) हवा वापरली, म्हणजे १५० गुणिले १२, १८०० लिटर. वजन जवळपास २.२ किलो. डाइव्ह संपताना तुम्ही तेवढे हलके झालेले असता.

सेंटरला विचारायचं ते एवढंच: धातू कुठला, लिटर किती, किती बारपर्यंत भरता, व्हॉल्व्ह आट्यांचा डीआयएन की वरून आवळायचा ए-क्लॅम्प. शेवटचा प्रश्न रेग्युलेटरसाठी, म्हणजे सिलिंडरमधून श्वासाला हवा देणाऱ्या यंत्रासाठी आहे. तो विसरला तर स्वतःचा रेग्युलेटर बॅगेतच राहतो.

टप्पा ४: शिसं किती, ते नाशिकच्या तलावात ठरवा

ही चाचणी इथेच उरकता येते. त्र्यंबक रोडवरचा सावरकर जलतरण तलाव असो की एखाद्या क्लबचा, गर्दीची बॅच सोडून वेळ मागा आणि आधी लेखी परवानगी काढा. सोबत इन्स्ट्रक्टर हवाच.

*सावधान:* गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये किंवा शेतातल्या विहिरीत "जरा बघून येऊ" म्हणून उतरू नका. गाळ, झाडांची खोडं, जाळी यांचा धोका तर आहेच. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे आणि ३०० मीटरच्या वरची डाइव्ह बहुतेक प्रशिक्षण संस्था उंचीवरची डाइव्ह धरतात. तिचे नियम वेगळे.

*आणखी एक:* एप्रिल-मेमध्ये जाड थर्मल आणि ड्रायसूट घरून चढवून निघू नका. तलावाच्या काठावर, सावलीत चढवा आणि लगेच पाण्यात जा. या चाचणीत माणसं थंडीने नाही, उकाड्याने चक्कर येऊन बसतात.

चाचणी अशी:

१. थंड पाण्यात जे जे घालणार ते सगळं घाला, हूड आणि हातमोज्यांसकट. थोडा वेळ पाण्यात हालचाल करून अडकलेली हवा निघू द्या. ड्रायसूट असेल तर दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून हवा बाहेर जाऊ द्या.

२. बीसीडी (तूर्त उसनी चालेल) पूर्ण रिकामी करा. हात-पाय न हलवता उभं तरंगा आणि नेहमीसारखा श्वास आत घेऊन क्षणभर थांबा. पाण्याची रेघ डोळ्यांसमोर यायला हवी. श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं.

३. शिसं आधी एकेक किलोने, मग अर्ध्या किलोने कमी-जास्त करा. सिलिंडर भरलेला असेल तर आलेल्या आकड्यात वापरल्या जाणाऱ्या हवेचं वजन मिळवा. वरच्या उदाहरणात ते २.२ किलो.

सिलिंडर मिळालाच नाही तर सूट, स्नॉर्केल आणि वेट बेल्टवर हीच चाचणी करा. मग सिलिंडर, रेग्युलेटर आणि बॅकप्लेट (बीसीडीची पाठीवरची सपाट पाटी) पाण्यात किती बुडतात ते आलेल्या आकड्यातून वजा करा.

आता गोडं-खारं. तलावाचं पाणी गोडं, सिल्फ्राचंही गोडं, त्यामुळे इथला आकडा तिथे जवळजवळ तसाच लागू होतो. समुद्रासाठी मात्र शिसं वाढवावं लागतं. बाथरूमच्या काट्यावर सगळं सामान अंगावर घेऊन उभं राहा आणि आलेल्या वजनाच्या अडीच टक्के मिळवा. माणूस आणि सामान मिळून १२० किलो असेल तर ३ किलो. लोक नेमकं उलटं करतात. मालवणच्या लॉगबुकातला आकडा उचलून त्यात "थंड पाणी आहे" म्हणून चार किलो ठोकून देतात. थंडीने शिसं वाढत नाही, सूटने वाढतं.

टप्पा ५: उचलीचा हिशोब

आता दोन बेरजा करायच्या. उदाहरणापुरता सूट वर ९ किलो उचलतो आणि १२ लिटरच्या सिलिंडरमधली २.२ किलो हवा वापरली जाणार, असं धरू.

पहिली बेरीज पृष्ठभागाची. बोटीजवळ तुम्ही सेट (बीसीडी, सिलिंडर, रेग्युलेटर) अंगावेगळा केला, तर तो एकटा तरंगायला हवा. सगळं शिसं सेटवरच असेल तर सेट पाण्यात किती जड? सूटची पूर्ण बॉयन्सी अधिक हवेचं वजन, म्हणजे ९ अधिक २.२, सव्वाअकरा किलो. स्टील सिलिंडर घेऊन शिसं कमी केलंत तरी बेरीज जवळपास हीच येते, कारण एकूण बुडतं वजन सूटला दाबण्यासाठीच असतं; ते धातूत घाला की शिशात.

दुसरी बेरीज तळाची. ३० मीटरवर सूटची तीन चतुर्थांश उचल गेली, म्हणजे पावणेसात किलो. त्यात हवेचे २.२. साधारण ९ किलो.

दोन्हींतली मोठी बेरीज धरा आणि लाटांमध्ये डोकं वर राहावं म्हणून २ ते ३ किलो जोडा. उत्तर १४ किलोच्या आसपास, म्हणजे १४ ते १६ किलो उचलीची विंग (पाठीवर फुगणारी बीसीडी) पुरेशी. ड्रायसूटसाठी हेच सूत्र वापरा, कारण सूट फाटून पाणी शिरलं तर आतली सगळी हवा जाऊ शकते. जाड थर्मलमुळे तिथे बेरीज वाढते आणि उत्तर बहुधा १८ ते २० किलोंवर येतं.

काही शिसं सेटवरून काढून कमरेच्या बेल्टवर घेतलं तर पहिली बेरीज तेवढी उतरते. दुसरी उतरत नाही.

"मोठी घेऊ, असू दे जास्तीची" हा विचार इथे चालत नाही. २५ किलोच्या विंगमध्ये थोडीशीच हवा असते, ती या कुशीवरून त्या कुशीवर पळते, तुम्हाला वाकडं करते, आणि वर येताना रिकामी करायला वेळ लागतो. इन्फ्लेटर अडकून आपोआप भरायला लागला तर मोठी विंग तुम्हाला जास्त जोरात वर खेचते.

*पडताळा:* बीसीडी तळाशी निकामी झाली असं धरा. वरच्या उदाहरणात तुम्ही ९ किलोंनी जड आहात. पाय मारून एवढं वजन वर नेता येत नाही. म्हणून ४ ते ५ किलो शिसं सहज टाकता येईल असं हवं. ते सगळं एका झटक्यात पडणार नाही असंही बघा, नाहीतर सुसाट वर जाल. अर्धं बेल्टवर, अर्धं खिशांत ही वाटणी मला पटते. जाड वेटसूट आणि स्टीलचे जोडसिलिंडर ही जोडी मात्र नकोच. तिथे टाकायला शिसंच उरत नाही.

टप्पा ६: आता प्रकार निवडा

जॅकेट बीसीडी ओळखीची असते, पृष्ठभागावर सरळ उभं ठेवते. पण ती बाजूंनी फुगते आणि ड्रायसूटवर छाती-पोट आवळते. विंग पाठीवर फुगते, समोरची जागा मोकळी राहते, आणि बॅकप्लेट स्टीलची असेल तर तिचेच अडीच-तीन किलो शिशातून कमी होतात. थंड पाण्यात वारंवार जाणार असाल तर मी बॅकप्लेट आणि विंगच घ्या म्हणेन. वर्षातून एकदा जाणाऱ्याने बीसीडी विकत न घेता तिथे भाड्याने घेतली तरी काही बिघडत नाही, फक्त उचलीचा आकडा वाचून घ्या. तो आतल्या लेबलवर छापलेला असतो, अनेकदा न्यूटनमध्ये. १० ने भागा की किलो.

एका सिलिंडरसाठी अरुंद विंग घ्या. जोडसिलिंडरची रुंद विंग एका सिलिंडरवर लावली की तिच्या कडा सिलिंडरभोवती गुंडाळल्या जातात आणि हवा बाहेर काढणं अवघड होतं.

दुकानात टी-शर्टवर घालून बघितलेल्या मापाला काही अर्थ नाही. सूट आणि थर्मल दोन्ही अंगावर हवेत. मग हे बघा:

ड्रायसूटचा छातीवरचा इन्फ्लेट व्हॉल्व्ह बीसीडीच्या पट्ट्याखाली जातोय का? पट्टा बटणावर बसला की सूट आपोआप फुगतो. डाव्या दंडावरचा, हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह खांद्याच्या पट्ट्याने झाकला जातोय का? सूटसाठी वेगळी होज (हवेची नळी) लागते आणि तिची जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते, तेव्हा होज त्या सूटवर प्रत्यक्ष बसवून बघा. आणि खाली पायांमधून येणारा क्रॉच स्ट्रॅप असू द्या, नाहीतर पृष्ठभागावर बीसीडी कानांपर्यंत सरकते.

टप्पा ७: हातमोजे घालून परीक्षा

५ किंवा ७ मिलिमीटरचे हातमोजे, डोळे मिटलेले. इन्फ्लेटर शोधा, भरा, सोडा. मागचा खालचा डंप व्हॉल्व्ह त्याच्या दोरीने ओढा. वेट बेल्टचं बकल आणि खिशांची हँडलं उघडा. इन्फ्लेटरची होज कॉलर मागे ओढून काढा आणि परत लावा.

होज काढणं ज्यांना जमत नाही, त्यांनी थंड पाण्यात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढच्या टप्प्यात.

टप्पा ८: गोठण्याची तयारी

दाबाखालची हवा एकदम पसरली की गार होते. पाणीच ३ अंशांचं असेल तर रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजमध्ये (सिलिंडरवर बसणाऱ्या भागात) बर्फ धरतो आणि हवा सुटी वाहायला लागते. इन्फ्लेटरचा व्हॉल्व्हही उघडाच अडकू शकतो. तेव्हा होज काढायची, दुसऱ्या हाताने डंप उघडा ठेवायचा आणि जोडीदाराला खूण करायची.

टाळायचं कसं? १० अंशांच्या खाली चालेल असं प्रमाणित केलेला रेग्युलेटर घ्या. निर्मात्याच्या माहितीपत्रात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. इन्फ्लेटर एक-एक सेकंद टिचकीसारखा दाबा, बोट रोवून ठेवू नका. श्वास आत घेत असतानाच बीसीडी आणि सूट भरू नका, फर्स्ट स्टेजवर एकदम ताण येतो. पाण्यात शिरण्यापूर्वी गार वाऱ्यात उभं राहून रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका. बाष्पाचा तिथेच बर्फ होतो. इन्फ्लेटरच्या बटणाखाली तलावाचं पाणी किंवा ओल राहिली असेल तर ती आधीच वाळवा.

टप्पा ९: पहिली डाइव्ह

पहिली डाइव्ह ८ ते १० मीटर, त्याहून खोल नाही. उतरताना ड्रायसूट अंगाला आवळायला लागला की त्यात थोडी हवा द्या, फक्त आवळणं थांबेपर्यंत. बाकी तोल बीसीडीने सांभाळा. यावर मतभेद आहेत, काही इन्स्ट्रक्टर सगळं सूटनेच करायला शिकवतात. तुमच्या कोर्समध्ये जे शिकवलं तेच करा, पण सूटमध्ये फुटबॉलइतकी हवा घेऊन फिरू नका: डोकं खाली गेलं की ती पायांत जाते आणि तुम्ही पायांवर उलटे वर निघता. तसं झालंच तर गुडघे छातीशी घ्या, कोलांटी मारून सरळ व्हा आणि दंडाचा व्हॉल्व्ह उघडा.

वर येताना ५ मीटरवर थांबा. ५० बार शिल्लक, बीसीडी रिकामी, सूटमध्ये जेमतेम हवा. स्थिर राहिलात तर शिसं बरोबर. खाली जात असाल तर पुढच्या डाइव्हला एक किलो काढा, वर ओढले जात असाल तर एक किलो घाला. आकडा लॉगबुकात लिहिताना सूट, थर्मल, सिलिंडरचा धातू आणि गोडं-खारं हे चारही सोबत लिहा.

डाइव्हनंतर विंगमध्ये गोडं पाणी भरून, हलवून, इन्फ्लेटरच्या तोंडातून काढून टाका. थोडी हवा भरून सावलीत वाळत घाला आणि घडी न घालता ठेवा.